खंडेनवमीचं अपडेट

"कादे! काय केलंस तू ह्याला?"

अंकुशमामा एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली आणि आमच्याकडं बघत बसला. मी स्टुलावर उभी राहून शटरला झेंडूची माळ बांधत होते. तशीच खाली उडी टाकली.

"मी काय केलंय?"

"मलाच विचार! ये, बघ तुझे प्रताप."

लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मामा एका बोटानं टाईप करायचा, दुसऱ्या हातानं कपाळ धरून. त्यानं 'ब' दाबला. पडद्यावर 'ब' नाहीच. दुसरं बटण दाबलं तर प्रिंटरची खिडकी उघडली. ती बंद करून तिसरं दाबलं तर अख्खं डिझाईन गायब. माऊसचं चाक फिरवलं तर पान मुंगीएवढं झालं, उलटं फिरवलं तर हत्तीएवढं.

"अंगात आलंय ह्याच्या," मामा म्हणाला. "आन् आणलं कुणी? तू. काल ते अपडेट कुणी लावलं?"

"मी."

"मी दोन महिने 'नंतर, नंतर' दाबत होतो. माझं डोकं फिरलं होतं व्हय?"

ह्याला आता तीन-चार वर्षं झाली. लोणंदला फलटण रस्त्याला मामाचं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, काचेवरची नावं, टँकरच्या पाठीवरचे वाघसिंह, सगळं आम्ही रंगीत चिकट कागदातून कापून चिकटवतो. लॅपटॉपवर अक्षर काढायचं, कटर मशीनला धाडायचं, मशीनचं पातं ते कापतं. लॅपटॉप गेला की मशीन नुसती टेबलावरची शोभा.

माझं नाव कादंबरी. नववीत शाळा सोडली तेव्हा भावकीला तेवढाच विनोद मिळाला, नाव कादंबरी न् पुस्तकाशी वैर. सोडली म्हणजे काय, एका मास्तरनं मला डस्टर फेकून मारला, मी तो त्यांना परत फेकून मारला. माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. मग नीरेला घरी रोज भांडणं. शेवटी आई म्हणाली, राहू दे माझ्या भावाकडं, दुकानात हात चालव म्हणावं. पप्पांच्या मनात नव्हतं. ते म्हणाले, दसऱ्यापर्यंत बघू. अंकुशची तक्रार आली की भोरचं वसतिगृह. मावशीनं तिथं जागा बघून ठेवलेली.

आणि मला दुकान सोडायचं नव्हतं. कटरचं पातं लाल कागदावरून सुरसुर फिरायला लागलं की माझं डोकं शांत व्हायचं. दुसऱ्या कशानंच व्हायचं नाही.

अपडेट मी उगाच लावलं नव्हतं. खंडेनवमीला औजारांची पूजा होते. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत औजाराला हात लावायचा नाही, त्यालाही एक दिवस विसावा. मला वाटलं, नाहीतरी पडूनच राहणार, तर त्याचं त्याला करू दे. पूजेच्या आधी लावलं, झालं, बंद केला. मग मामानं कटरला, चाकूंना, पट्टीला न् लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, पुढं नारळ ठेवला. दसऱ्याला पहिलं काम निघालं की तो फोडायचा.

आणि दसऱ्याला पहिलं काम म्हणजे दारात उभी असलेली धायगुड्यांची नवी कोरी पिकअप. पांढरी, धुतलेली, आरशाला आंब्याचे डहाळे.

"अंकुशशेठ, येळ लागंल काय?" बबन धायगुडे आत आला. फेट्याचा तुरा छताच्या पंख्याला लागता लागता वाचला. "सांजच्या आत गाडी बिरोबाला न्यायचीय. नाव घातल्याबिगर देवापुढं गाडी न्यायची न्हाय, आमच्या म्हाताऱ्याची आन हाय."

"दहा मिनिटं द्या," मामा म्हणाला. दहा मिनिटांत काय होणार होतं ते त्यालाच माहीत.

धायगुड्याची बायको ताट घेऊन आलेली. निरांजन, हळदकुंकू, पेढे. ती म्हणाली, "तवर गाडीला ओवाळून घेते. घरातली सवाशीण हाय का कुणी? दोघी असल्या की बरं."

शकूमामी पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात उभी होती. ती एक पाऊल मागं सरकली आणि दारावरचा पडदा तिच्यासमोर आला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सवय होती.

"घरची बाळंतपणाला माहेरी गेलीया," मामा घाईनं म्हणाला. "तुम्हीच घ्या ओवाळून."

शकूमामी माझ्या थोरल्या मामाची, विलासमामाची बायको. दुकान विलासमामानं काढलेलं. आधी ब्रशनं नंबरप्लेटा रंगवायचा, मग हे कटर आणलं, लॅपटॉप आणला, आणि एका दुपारी छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून दुकान अंकुशमामा बघतो. शकूमामी पहाटे झाडून घेते, मागच्या घरातून चहा पाठवते, गिऱ्हाईक आलं की पडद्याआड. त्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा न् गूळ ठेवला होता. मी विचारलं, "कसला प्रसाद?" तर म्हणाली, "देवाचा. खा गप."

मामानं फलटणच्या सागरला फोन लावला. सागर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फोन स्पीकरवर.

"अपडेट केलं का?" सागरनं पहिलंच विचारलं.

मामानं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की माझे कान तापले.

"केलंय. आमच्या घरात एक इंजिनिअर हाय."

"मग तेच. सकाळपासून मला चार फोन आलेत. सेटिंगमध्ये जाऊन ते अपडेट काढून टाका. होईल नीट. नाही झालं तर उद्या घेऊन या."

"उद्या कुणाचा दसरा हाय?" मामा फोनवर ओरडला आणि तो ठेवल्यावर माझ्याकडं वळला. आवाज एकदम खाली आणला, त्याची मला जास्त भीती वाटली. "संध्याकाळी सोनं द्यायला दाजी येणार हायत. त्यांच्या संगट निघायचं. बॅग भरून ठीव."

"मामा, मला काढू तर दे ते!"

"काढ की. काढ. पण माझ्याच्यानं आता न्हाय व्हायचं, कादे. आज सहा गाड्या येणार होत्या."

मी बसले. माऊस चालत होता, म्हणून बरं. सेटिंग उघडलं, अपडेटचं नाव शोधलं, 'काढा' म्हटलं. निळ्या पडद्यावर ठिपक्यांचा गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. मी, मामा, धायगुडे, धायगुड्याची बायको, पंक्चरवाला, सगळे त्या गोलाकडं बघत. अशा वेळी माणसं गप्प बसली तर बरं, पण कुणी गप्प बसत नाही.

"पूजा कुणी केलती?" धायगुड्यानं विचारलं.

"मी सोता," मामा म्हणाला.

"मग ठीक. न्हाय, म्हणलं काय चुकलंमाकलं असंल. आमच्या भावकीत एका इहिरीच्या मोटरीला पूजेत भलत्या बाईचा हात लागला. कपाळ रिकामं असलेली. तिसऱ्या दिवशी मोटार जळाली. आता माना नायतर नका मानू."

"गप बसा की वो," त्याची बायको म्हणाली. पण ती घाबरून म्हणाली, रागावून नाही.

पडद्याआड कपबशी खळकन वाजली.

"मोटार जळायला व्होल्टेज लागतं," मी म्हटलं. "कपाळ नाही लागत."

"कादे!" मामा.

"नाय, बोलू द्या पोरीला," धायगुडे हसला. "बोलण्यात व्होल्टेज हाय. कामात असंल तर बघू."

गोल थांबला. लॅपटॉप चालू झाला. मी डिझाईन उघडलं आणि 'ब' दाबला.

प्रिंटरची खिडकी.

मी पुन्हा दाबला. पान मिटलं. अपडेट गेलं होतं आणि येडेपणा तसाच होता. मामा खुर्चीत बसला तो बसलाच. धायगुड्यानं फेटा सारखा केला.

"जातो मी फलटणला. तिथं उघडं असंल कुणीतरी."

मला एवढा राग आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. अपडेटचा आला, सागरचा आला, भोरच्या न बघितलेल्या वसतिगृहाचा आला. मूठ आवळली आणि लॅपटॉपशेजारी टेबलावर अशी हाणली की झेंडूची फुलं उडाली.

"मोड आता! मोड!" मामा उठला. "त्योच एक ऱ्हायला होता!"

पण मी लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत होते. माझा दुसरा हात बटणांवर होता न् पडद्यावर एक अक्षर आलं होतं. 'ब'. नीट, सरळ, जसा यायला पाहिजे तसा. मी पुन्हा दाबला. दुसरा 'ब' आला. तिसऱ्यांदा दाबला तर पुन्हा प्रिंटर.

मी परत टेबल हाणलं. पुन्हा एक 'ब'.

"काय करतीस तू?"

"मामा, दोन मिनिटं गप."

"मला गप म्हणती!"

"धायगुडे काका, तुम्ही पण दोन मिनिटं थांबा. मग खुशाल जावा."

अपडेट काय टेबल हाणल्यानं निघून जात नाही. हे वरचं काहीतरी होतं, हातानं लागण्यासारखं. लॅपटॉपात एक सोय असते, बटणांचं चित्र पडद्यावर उघडतं, बोटं अधू असलेल्या माणसांसाठी. मी ते माऊसनं उघडलं. आणि तिथं डाव्या कोपऱ्यातलं एक बटण उजळलेलं होतं, कुणी बोट ठेवून दाबून धरल्यासारखं. कंट्रोलचं. कुणाचंच बोट नव्हतं तिथं.

कंट्रोल दाबून कुठलंही अक्षर मारलं की ते अक्षर राहत नाही, हुकूम होतो. छाप. मिटव. बंद कर. सकाळपासून आम्ही लिहीत होतो आणि लॅपटॉप बिचारा हुकूम पाळत होता.

मी खरं बटण बोटानं चाचपलं. ते खाली गेलेलं, वर यायला नाखूष. आणि चिकट. बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता.

कागदाचे बारके तुकडे काढायला आमच्याकडं टोकदार चिमटा असतो. तो बटणाखाली घालून मी हळूच वर उचललं. टक्. बटण माझ्या तळहातावर आलं. त्याच्या खाली सुकलेलं पाणी होतं, पिवळसर, कडेला कुंकवाची लाल रेघ. आणि मधे अडकलेला एक तपकिरी धागा. नारळाच्या शेंडीचा.

मी मशीनसमोर बघितलं. मामाचा नारळ तिथंच होता, सगळ्या शेंडीसकट, अख्खा.

मग हा कुठला?

तोंडात अजून सकाळच्या गुळाची चव असल्यासारखं वाटलं मला. ओलं खोबरं होतं ते. देवाचा प्रसाद. पहाटे दुकान कोण झाडतं? किल्ली कुणाजवळ असते?

मी मान वर केली. पडद्याच्या फटीत शकूमामी उभी होती, हातात चहाचा ट्रे. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या तळहातावरच्या बटणाकडं बघत होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मास्तरसमोर उभ्या राहिलेल्या पोरीचा असतो तसा.

"काय घावलं?" मामा पुढं वाकला.

धायगुडे पण वाकला. त्याची बायको पण. माझ्याकडं सगळं होतं. धागा होता, कुंकू होतं, वास होता. एक वाक्य बोलले असते तर अपडेटचा आळ सुटला असता, भोर सुटलं असतं. आणि ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. माझ्या जिभेवर आलेलं वाक्य तोवर कधी परत गेलेलं नव्हतं.

मी मूठ मिटली. धागा आत.

"अपडेटचंच होतं," मी म्हटलं. "थोडं काढायचं राहिलेलं."

"मग ते बटण कशाला उपटलंस?"

"अपडेटमुळं अडकतं ते कधी कधी."

इतकं बावळट खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. पण मामाला कॉम्प्युटरमधलं तेवढंच कळत होतं.

"म्हंजी तुझ्यामुळंच झालं."

"हो. माझ्यामुळंच."

पडद्याआडचा ट्रे हळूच आत गेला.

करोनातली सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात पडून होती. कानकोरणीच्या कापसानं ती खाच पुसली, दोनदा पुसली, वाळू दिली, बटण जागेवर बसवलं. टक्. दाबलं, वर आलं. दाबलं, वर आलं. मी लिहिलं, बिरोबा प्रसन्न. प्रत्येक अक्षर आपल्या जागेवर येऊन बसलं. मी कटरला धाडलं. पातं पिवळ्या कागदावर टेकलं आणि सुरसुर सुरू झाली.

मामानं एवढा मोठा श्वास सोडला की वाटलं, सकाळपासून तो श्वास घेऊनच बसला होता.

"आलं!" पंक्चरवाला रस्त्याच्या पलीकडून ओरडला. त्याचं काहीच अडलं नव्हतं, पण त्यालाही बरं वाटलं.

काचेवर 'बिरोबा प्रसन्न' मी स्वतः चिकटवलं, एक बुडबुडा राहू दिला नाही. बॉनेटवर धायगुड्याच्या दोन्ही पोरींची नावं, गौरी आणि स्वरा. मामानं नारळ फोडला. धायगुड्यानं हॉर्न वाजवला तो गावच्या वेशीपर्यंत वाजत गेला असणार. जाताना म्हणाला, "व्होल्टेज हाय पोरीत. पर जरा फ्यूज बसवा, अंकुशशेठ." मामा हसला. पण मी कागदाचे तुकडे गोळा करायला लागले तेव्हा मागून म्हणाला, "बॅग भर म्हणलं होतं मी."

मागच्या घरात शकूमामी चुलीपाशी नव्हती, देवापाशी नव्हती. मोरीच्या दगडावर बसली होती, नुसतीच.

"कशापायी खोटं बोललीस?" मान वर न करता म्हणाली.

"तुम्ही तो उघडलात कशाला, मामी?"

"झाकल्या तोंडाला कुणी कुंकू लावतं व्हय?" ती एकदम चिडली. "भावजींनी नुसतं झाकणाला बोट टेकवलं. अशी असती पूजा? हे असताना नारळाची पयली धार मशीनला. आधी मशीन, मग देव, मग आम्ही. दोन वर्सं मी पडद्याआडनं बघतीया, त्या मशीनला कुणी पाण्याचा थेंब दाखवत न्हाय. म्हणलं, पहाटं कोण बघतंय. नारळ फोडला, फुलानं चार थेंब शिंपडलं. मला काय ठावं, ते आत पाणी पितं म्हणून?"

मला हसू आलं. राग येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं. तीही हसली, मग पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले, आणि ते हसणं नव्हतं.

"त्या धायगुड्याचं ऐकलंस न्हवं? मला वाटलं, खरंच माझ्या हातानं जळलं."

"जळलं काही नव्हतं. चिकट झालं होतं."

"तू जाऊ नगंस."

"मामी, तुम्ही कुणाला काही सांगू नका. गाव काय बोलेल? मी जाते भोरला. तिथं काय वाघ नाहीत."

हे मी मोठ्या ऐटीत म्हटलं. मग माडीवर जाऊन बॅग भरताना एकेक कपडा असा कोंबला की चेनच लागेना.

पप्पा संध्याकाळी आले. खिशात आपट्याची पानं, पायात नवी चप्पल. मामाला पान दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," गळाभेट झाली, चहा झाला. मी बॅग घेऊन दारात उभी. पप्पांनी बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मामाकडं.

"काय केलं हिनं?"

"दाजी, पोरगी हुशार हाय. मी न्हाय म्हणत न्हाय," मामा म्हणाला. "पर विचारल्याबिगर हात घालती. ऐन दसऱ्याला लॅपटॉप बंद पाडला. सकाळपासनं गिऱ्हाईक खोळंबलं. नीट तिनंच केला, पर बिघडवला बी तिनंच. मला झेपत न्हाय."

पप्पांचा चेहरा पडला. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं, पण तो नुसता पडला. "बरं," ते म्हणाले. "चल, कादंबरी."

"कुठं चल?"

शकूमामी दारात होती. पडदा मागं होता आणि ती पुढं. तिला पप्पांसमोर असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. पप्पांनीही, कारण ते अर्धे उठले.

"तिनं काय बिघडवलं न्हाय, दाजी. मी बिघडवलं. पहाटं मी पूजा केली मशीनची. नारळाचं पाणी आत गेलं. तिला घावलं ते, तिच्या मुठीत हुतं. तिनं सांगितलं न्हाय."

बाहेर कुणीतरी फटाका फोडला. मामा उभा होता तसाच.

"वैनी," तो हळू आवाजात म्हणाला, "तो धायगुडे काय बोलला ते ऐकलंत न्हवं? हे भाईर कळलं तर—"

"कळू द्या. मशीन चाललं का न्हाय शेवटाला? माझ्या हातानं जळायचं असतं तर चाललं असतं? पाणी गेलतं, पोरीनं पुसलं, झालं. त्यात माझं कपाळ कुठं आलं?"

ती तिथंच थांबली नाही.

"भावजी, हे दुकान ह्यांनी उभं केलं. त्यात माझं काय हाय का न्हाय, मी कधी इचारलं न्हाय. आजबी इचारत न्हाय. एकच मागते. पोरगी इथं ऱ्हाईल."

मी मामाकडं बघत होते. त्याचे कान लाल झाले होते. रागानं होतात तसे वाटले आधी. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, पुसतच राहिला, आणि हात काढले तेव्हा डोळे ओले होते.

"मला का न्हाय सांगितलंत, वैनी?"

"सांगितलं असतं तर करू दिली असती?"

मामानं मान खाली घातली. ते उत्तर सगळ्यांना ऐकू आलं. मग तो पप्पांकडं वळला.

"दाजी, आता मी काय बोलू?"

"काही बोलू नका," पप्पा म्हणाले. "मी पण बोलत नाही. मला घाम फुटलाय."

पहिल्यांदा मामी हसली. मग मामा. मग मीही, बॅग हातात धरूनच. मामानं ती बॅग माझ्या हातातून ओढून घेतली, आत नेऊन कॉटवर टाकली आणि तिथूनच म्हणाला, "वैनी, पुढल्या सालापासनं पूजा तुमची. पर नारळ उंबऱ्याच्या भाईर. आपल्या गळ्याची आन हाय."

"बरं बरं. लई शाणपणा नगं," मामी म्हणाली, आणि पदर खोचून चहाचे कप गोळा करायला लागली, बाहेरच्या खोलीत, पप्पांच्या समोर.

पप्पांना सोडायला मी स्टँडवर गेले. नीरेची गाडी लागायची होती. रस्ताभर माणसं नवे कपडे घालून एकमेकांना पानं देत होती. पप्पांनीही एकदोघांना पान दिलं. मग म्हणाले, "एवढा वेळ गप्प कशी बसलीस गं? शाळेत अशी गप्प बसली असतीस तर..."

"शाळेत कुणासाठी बसायचं होतं?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. समोरच्या वेळापत्रकाकडं बघायला लागले, जणू तिथं काही नवीन लिहिलं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही असा की कुणाला दिसू नये.

गाडी आली. दारात गर्दी, पप्पा कसेबसे चढले आणि खिडकी मिळाल्याबरोबर डोकं बाहेर काढलं.

"आईला काय सांगू?"

"सांगा, जाड गोधडी पाठवून दे. इथं थंडी पडायला लागलीय."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, धूळ उडाली, पप्पांचा हात खिडकीतून हलत राहिला. वळणावर गाडीचा लाल दिवा दिसला, मग तोही दिसेना. मी तिथंच उभी होते, भरल्या स्टँडवर, रिकाम्या हातांनी.

गाडी गेली होती आणि मी तिच्यात नव्हते.